दवाखान्यातलं लाल औषध: बाटलीत काय असायचं आणि गुण कशाचा यायचा

प्रश्न असा आहे: आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या धोतरांच्या खाली, एक चपटी काचेची बाटली सापडली. एका कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, बूच जागच्या जागी, तळाशी वाळलेला तपकिरी थर. यात काय असायचं? त्यानं खरंच बरं वाटायचं, की ते नुसतं रंगीत पाणी? आणि घरातली म्हातारी माणसं त्या दवाखान्याचा विषय निघाला की हसत का सुटतात?

मी फॅमिली डॉक्टर होतो, आता दवाखाना बंद केलाय. वडील एलसीपीएस, म्हणजे तेव्हाची डॉक्टरकीची पदविका घेतलेले. देशावरच्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा दवाखाना होता आणि कंपाउंडर रजेवर गेला की पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे यायचं. तेव्हा पट्टीपासूनच सुरुवात करतो.

बोटभर रुंदीचा कोरा कागद घ्यायचा, जितके डोस तितक्या सारख्या घड्या घालायच्या आणि घड्यांच्या कोपऱ्यावर कात्रीचा एकेक छेद द्यायचा. उलगडली की झाली पट्टी. चिकटवायला कणकेची खळ, आणि खळीत चिमूटभर मोरचूद, कारण नुसती खळ असली तर रात्री झुरळं पट्ट्या कुरतडत. एक खाच म्हणजे एक डोस, बहुधा अर्धा औंस, म्हणजे साधारण चौदा मिली. तीन औंसांची बाटली, सहा खाचा, दिवसातून तीन वेळा, दोन दिवस. ज्या घरात चमचे सगळे वेगवेगळ्या मापाचे आणि घड्याळ एकही नाही, तिथे अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही औषध बरोबर घेता यावं, याची ती सोय होती.

बाटली पेशंटनं घरून आणायची. केसांच्या तेलाची, गुलाबपाण्याची, कसलीही. विसरला तर आमच्याकडची मिळे, पण तिचे पैसे वेगळे. वडील प्रत्येक बाटलीचा आधी वास घेत. तो का, ते पुढे येईलच.

आता आतलं औषध. कंपाउंडरच्या खोलीत फळीवर मोठ्या बरण्या असत, त्यात आधीच करून ठेवलेली मिश्रणं. पोटासाठी कार्मिनेटिव्ह, म्हणजे वारा मोकळा करणारं: खायचा सोडा, पेपरमिंटचं पाणी, सुंठेचं टिंक्चर (टिंक्चर म्हणजे अल्कोहोलमधला अर्क), वेलदोड्याचं टिंक्चर. तापासाठी डायफोरेटिक, म्हणजे घाम आणणारं. खोकल्यासाठी एक्स्पेक्टोरंट, म्हणजे कफ सुटवणारं, त्यात इपिकॅक नावाची मुळी आणि अमोनियाचे क्षार. लघवीच्या जळजळीसाठी अल्कलाइन. जुलाबासाठी खडूचं, त्यात काताचं टिंक्चर. बहुतेकांत थोडं क्लोरोफॉर्मचं पाणी. त्यानं औषध टिकायचं, शिवाय गोडसर गरम चव घशाखाली उतरताना कळायची. ‘औषध लागतंय हो’ असं पेशंट म्हणे ते या चवीला.

तुमच्या आजोबांच्या पिढीला आठवतो तो लाल रंग वेलदोड्याच्या टिंक्चरचा. पण वेलदोडा काही लाल नसतो. त्या टिंक्चरमध्ये कोचिनील घालत, आणि कोचिनील म्हणजे निवडुंगावर वाढणारे किडे वाळवून काढलेला रंग. गावातल्या सोवळ्यातल्या आजीबाई बोर्डिंगच्या मुलांच्या हातचं पाणी पीत नसत, पण हे लाल औषध दिवसातून तीनदा डोळे मिटून घेत. वडिलांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही.

रंगाचं आणखी एक काम होतं. त्या दवाखान्यात खासगी असं काही नव्हतं. एक खोली, मधे अर्ध्या उंचीचा पडदा, बाहेर दोन बाकं. वडील आतून विचारत, ‘शौचाला साफ होते का?’ आणि पेशंट लाजला तर बाहेरच्या बाकावरून त्याचा चुलता उत्तर देई, ‘कसली साफ, काल चार वेळा गेलाय!’ कंपाउंडरची भिंतीत कापलेली खिडकी होती. तो बाटली बाहेर धरून ओरडे, ‘जुलाबाचं कुणाचं हो?’ कोण उठणार? बाजाराचा दिवस, व्याही बसलेला, शाळेतले मास्तर बसलेले. सगळे छताकडे बघत. बाक रिकामं होईपर्यंत ती बाटली खिडकीत उभीच. शेवटी वडिलांनी फर्मान काढलं की आजाराचं नाव घ्यायचं नाही, रंग पुकारायचा. मग ‘लाल कुणाचं? पिवळं कुणाचं? जळक्या साखरेचं कुणाचं?’ सुरू झालं. पिवळा खायचा रंग मुद्दाम आणवला गेला. महिना-दीड महिना बरा गेला. मग अख्ख्या तालुक्याला रंगांची लिपी पाठ झाली, आणि खडूच्या औषधाचा तर रंगच लपेना. ‘पांढरं कुणाचं?’ म्हटलं की पुन्हा सगळे छताकडे. तुमच्या घरची म्हातारी माणसं हसतात ती बहुधा अशाच कशाला तरी.

बाकावर पेपर वाचला जाई, एक मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे मधे मधे तोडणार. कुणाची सोयरीक कुठे जुळली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कचेरीत कोण नवा साहेब आला, हे सगळं तिथेच. मला वाटतं निम्मे लोक दुखणं घेऊन येत नसत, बातमी घ्यायला येत आणि आलोच आहोत तर नाडी दाखवत. वैद्यांची थट्टाही तिथेच चाले, तीही वैद्यासमोर. ‘वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर’ हा श्लोक आमचे शाळामास्तर बाटली घेताना न चुकता म्हणत: यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणही नेतो आणि पैसेही. वडील म्हणत, ‘मास्तर, तुमची मागची बाकी आहे, तेवढी देऊन टाका, मग मी फक्त प्राणांपुरता उरतो.’

बाटलीवरच्या ‘हलवून घेणे’वरचा विनोदही तुम्ही ऐकला असेल, पेशंटलाच गदागदा हलवल्याचा. मी तो इतक्यांदा ऐकलाय की सांगणारा तोंड उघडायच्या आधी हसून मोकळा होतो. पण ती सूचना गमतीची नव्हती. खडूचं औषध तासाभरात खाली बसतं. न हलवता घेतलं तर पहिले डोस चवीचं पाणी आणि शेवटचा डोस नुसता खडू. खडूनं काही बिघडत नाही. पण त्या काळी भूक लागावी, अंगात शक्ती यावी म्हणून कुचल्याचं टिंक्चर, म्हणजे नक्स व्होमिका, सर्रास देत. कुचल्यात स्ट्रिकनीन हे जहाल विष असतं. स्ट्रिकनीनच्या मिश्रणात ब्रोमाइड, म्हणजे तेव्हाचं झोपेचं औषध, पडलं की काही वेळानं स्ट्रिकनीनचे बारीक स्फटिक तळाशी बसतात. पाच डोस काही होत नाही, सहाव्यात सगळ्या बाटलीचं विष एका घोटात. आमच्याकडे असं कधी घडलं नाही, पण वडिलांनी कंपाउंडरला पहिल्या दिवशी जे काही शिकवलं त्यात हे होतं: ही दोन एका बाटलीत कधी टाकायची नाहीत, डॉक्टरनं चुकून लिहून दिली तरी.

तर मग, रंगीत पाणी का?

नाही. सोड्यानं जळजळ थांबते, पेपरमिंट-सुंठेनं पोटातला वारा मोकळा होतो, हे आजही खरं. कोयनेल तर अस्सल औषध. क्विनिनला आमच्याकडची जुनी माणसं कोयनेलच म्हणत. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून थोड्या विरल गंधकाम्लात विरघळवत. ती बाटली उन्हात धरली की कडेनं निळसर झाक दिसे. मी खिडकीत उभा राहून ती निळाई बघत बसे आणि कंपाउंडर टपली मारे. चव अशी की सकाळचा डोस रात्रीच्या जेवणापर्यंत जिभेवर. वडील विचारत, ‘कान गुणगुणायला लागले का?’ हो म्हटलं की त्यांना समाधान, म्हणजे औषध अंगी पोचलं. हिवतापाचा पेशंट थंडीनं थडथडत बैलगाडीतून येई आणि आठवड्यानं तोच पेशंट गाडी हाकत. १९५३ मध्ये सरकारचा हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटीचे फवारे आले, तेव्हा कुठे कोयनेलची बरणी मागच्या फळीवर गेली.

पण डायफोरेटिक? घाम आला असेल तर तो ताप उतरायच्या वेळी आलेला. सर्दी-पडशाच्या बऱ्याच बाटल्या अशाच. गुण यायचा तो माझ्या मते पट्टीचा. साधं दुखणं तीन-चार दिवसांत आपणहून उतरतं, आणि तेवढे दिवस माणसाला आणि त्याच्या घरच्यांना काहीतरी करायला लागतं, नाहीतर ती नको ते करतात. पट्टीनं त्यांना कामाला लावलं: सकाळी एक खाच, दुपारी एक, रात्री एक. बाटली कोनाड्यात ठेवलेली, पातळी उतरताना डोळ्यांना दिसतेय. घरातली मोठी बाई खाचा मोजतेय आणि पेशंटला पेज देतेय, उन्हात जाऊ देत नाहीये. बाटली संपेपर्यंत ताप गेला तर औषधाला यश. नाही गेला तर ‘दोन दिवसांनी दाखवा’ असं वडिलांनी सांगितलेलं असेच, आणि खरं दुखणं असेल तर ते दोन दिवसांनी ओळखू येई. एकदा मी डॉक्टर होऊन आल्यावर त्यांना म्हटलं, यातल्या अर्ध्याहून जास्त बाटल्यांत काही नसतं. ते म्हणाले, ‘मग पट्टी न लावता देऊन बघ.’

हे न करता लोक काय करत, ते बाजारात दिसे. आमचा बाजार मंगळवारचा. एसटी स्टँडच्या बाजूला गारुडी रिंगण आखी, टोपलीत साप, पिशवीत मुंगूस, आणि सांगे की आता दोघांची लढत होणार. पाच मिनिटांत शे-दीडशे माणूस गोळा. ‘ज्यानं हाताची घडी घातली असेल त्यानं सोडावी. मधेच कुणी निघून जाईल तर त्याला रक्ताची उलटी. खिशाला हात लावून ठेवा मंडळी, पाकीट मारलं तर मला बोलू नका.’ मग लढत होईपर्यंत जरा वेळ आहे तर ही मुळी बघा. ही मुळी दाढदुखीवर, हीच कंबरेवर, हीच बाईमाणसाच्या आजारावर, आणि एक कानगोष्ट पुरुष मंडळींसाठी. मी लहानपणी किमान तीस मंगळवार ते बघितलं. मुंगूस पिशवीबाहेर एकदाही आलं नाही. तरी बोलणं असं की उठावंसं वाटत नसे. एक म्हातारा मुळी घेऊन थेट आमच्या दवाखान्यात आला, म्हणाला, ‘डॉक्टर, हिच्यात काही नाही हे मला कळतं. पण दोन तास हसवलं त्यानं, फुकट कसा उठू?’

दाताचा किडा काढणारे मात्र वेगळे, ते खरंच काहीतरी दाखवत. भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, वर नळी धरायची, दुखणाऱ्या दाढेला धूर द्यायचा, आणि मग पाण्याच्या वाटीत तोंड उघडून थुंकायला लावायचं. वाटीत खरोखर बारीक, पांढरे, वळलेले किडे. बघणारे शहारत. वडिलांनी एकदा मला चार आणे देऊन ती वाटी तशीच मागून आणायला लावली. भिंगाखाली धरली तर किड्याला ना डोकं, ना पाय. बी तडकलं की आतला वळलेला कोंब बाहेर उडतो, तो हा. गंमत म्हणजे दाढेला तेवढ्यापुरता आराम खरंच पडे, गरम धुरानं असो की भीतीनं. वडिलांनी त्या माणसाला बोलावून चहा पाजला, वाटीतलं भिंगाखाली दाखवलं. तो शांतपणे बघून म्हणाला, ‘साहेब, तुमच्या यंत्रातून बघितलं तर तुमच्या लाल पाण्यातही काही दिसायचं नाही.’ हा किस्सा वडील स्वतःच सांगत आणि पोट धरून हसत.

१९५४ मध्ये जादूटोण्याच्या आणि खोट्या गुणाच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आला. मंगळवारच्या बाजारापर्यंत तो पोचला नाही.

आता त्या वासाचं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला आणि टिंक्चरला अचानक भाव आला. सुंठेचं टिंक्चर बनतंच नव्वद टक्के अल्कोहोलमध्ये. ज्यांना आयुष्यात कधी अपचन झालं नव्हतं अशा धट्ट्याकट्ट्या माणसांची पोटं संध्याकाळी सात वाजता दुखू लागली. ‘डॉक्टर, ते मागचं पाण्यात नका घालू, तसंच द्या, घरी घालतो पाणी.’ १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात अल्कोहोल असलेली औषधं या बंदीच्या बाहेर काढली. वैद्यकाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, कारण टिंक्चरशिवाय दवाखाना चालणार कसा. पण पुढची दोन दशकं टिंक्चर आणि दारू यांच्यात नेमकं अंतर किती, हे ठरवणं आमच्यासारख्यांच्या नाकावर आलं. म्हणून बाटलीचा वास घ्यायचा: आलेली बाटली आधी कशाची होती आणि आज काय भरायला आली आहे.

दुसरी वाट परवान्याची. प्रकृतीच्या कारणासाठी दारूची गरज आहे असं डॉक्टरनं लिहून दिलं की परवाना मिळे. प्रतिष्ठित माणसं संकोचून येत, आधी गुडघ्याची चौकशी करत, मग झोपेची, आणि शेवटी मुद्द्यावर. वडील एकाला म्हणाले, ‘तुम्हाला कोणता आजार लिहू? कागदावर एक तरी लागतो.’ तो म्हणाला, ‘जो बरा होत नाही तो लिहा.’ रस्त्याकडेला ‘परमिट रूम’च्या पाट्या दिसतात ना, ते नाव त्या परवान्यांतूनच आलेलं आहे.

घरगुती औषधांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर प्रेमानं लिहिणारे पुष्कळ आहेत. सुंठ, ओवा, हळद-दूध, बाळगुटीची सहाण, मीठ-मोहऱ्यांची दृष्ट, याला माझी काही हरकत नाही. दृष्ट काढताना आई मुलाजवळ निवांत बसते, तेवढं तरी होतं. पण सगळाच बटवा गोड नव्हता. बिब्ब्यानं कातडी भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, पोटावर डाग दिलेली पाहिली आहेत. नाळेवर शेण लावल्यानं धनुर्वात होऊन दगावलेलं बाळ पाहिलंय. आणि एरंडेल. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी सगळ्या पोरांना ओळीनं बसवून कोऱ्या चहातून एरंडेल पाजायचं, ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ हा वाक्प्रचार ज्यानं तयार केला त्यानं त्या ओळीत बसलेलं असणार. बद्धकोष्ठाला ठीक. पण पोट दुखतंय म्हणजे साफ नाही, असं धरून अपेंडिक्स सुजलेल्या मुलाला एरंडेल दिलं की आतडं जोरानं आवळतं आणि अपेंडिक्स फुटतं. माझ्या दवाखान्यात आलेला तो मुलगा बारा वर्षांचा होता. आणायला दोन दिवस उशीर झाला होता. त्याच्या आजीला मी काही बोललो नाही. तिनं जे केलं ते तिच्या सासूनं तिला शिकवलेलं होतं आणि आधी चाळीस वेळा लागू पडलेलं होतं.

आमच्या बाजूलाही निष्पाप कुणी नव्हतं. डोकेदुखीची एपीसीची (अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांची) पुडी आम्ही शेंगदाण्यासारखी वाटली. तिच्यातलं फेनासेटिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. १९८३ मध्ये त्यावर बंदी आली. तोवर माझ्याकडे रोज एक पुडी नेणाऱ्या दोन शिंपीणबाई होत्या.

बाटली संपवली ती सुईनं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, देशात पेनिसिलीन तयार होऊ लागलं आणि न्यूमोनियाचा माणूस चार दिवसांत उठून बसताना लोकांनी पाहिला. मग प्रत्येकाला सुई हवी. विशेषतः ‘गरम सुई’: शिरेतून कॅल्शियम सोडलं की सगळ्या अंगातून ऊब जाते, आणि शेतात राबून थकलेल्या माणसाला वाटतं शक्ती आत शिरली. लाल औषधाच्या क्लोरोफॉर्मचं जे काम, तेच हिचं. मीही दिल्या. न दिली तर समोरचा डॉक्टर देत होता.

तर तुमची बाटली. ती चाखू नका आणि धुऊही नका, तशीच ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टीवर सहा खाचा मोजल्या, म्हणजे दोन दिवसांचं औषध. काचेला आतून तपकिरी कड बसली आहे ती वरून चौथ्या खाचेपाशी, म्हणजे औषध त्या पातळीला खूप दिवस उभं राहून मग वाळलं. चार डोस घेतले, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, आणि मग आजोबांना बरं वाटलं. उरलेले दोन त्यांनी टाकून दिले नाहीत, बूच लावून ट्रंकेत ठेवले. पुढच्या वेळी दवाखान्यात बाटली घरूनच न्यायची होती.